ओक पार्कचे युनिटी टेंपल : सान्निध्य आणि पायऱ्या

युनिटेरियन हे नाव आमच्या वाचकांस अगदीच अपरिचित नसावे. प्रार्थना समाजाचा इतिहास ज्यांनी चाळला आहे त्यांस ते वारंवार भेटते. जमखंडीस जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी राहिले ते ब्रिटिश युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर, आणि त्या प्रवासास बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य होते. त्याच्याही आधी, १८९३ साली, शिकागो येथे जी सर्वधर्मपरिषद भरली तीत मुंबईचे बी. बी. नगरकर यांनी भाषण केले होते. त्या परिषदेची उठाठेव ज्यांनी मुख्यत्वे केली त्यांत जेन्किन लॉइड जोन्स नावाचे युनिटेरियन पाळक होते. या जोन्स यांचा सख्खा भाचा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. प्रस्तुत लेखाचा विषय या भाच्याने बांधलेले एक उपासनामंदिर हा आहे.

युनिटेरियनांचे ख्रिस्तविषयक मत आम्हास मान्य नाही, हे प्रारंभीच सांगून टाकलेले बरे. त्रैक्याचा सिद्धांत ते नाकारतात, आणि गेल्या शतकात त्यांच्यातील पुष्कळ मंडळ्या ख्रिस्ती या नावापासूनही दूर गेल्या आहेत. परंतु मतभेद असलेल्या शेजाऱ्याचे घर पाहू नये असे कोठे आहे? आणि हे घर असे आहे की, ते पाहून परतताना मनुष्य आपल्याच घराच्या उंबरठ्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो.

ओक पार्क हे शिकागोच्या पश्चिमेस असलेले उपनगर. तेथील युनिटी चर्च या मंडळीचे जुने मंदिर उंच निमुळत्या मनोऱ्याचे, गॉथिक धाटणीचे होते. १९०५ सालच्या जून महिन्यात त्यावर वीज पडली व ते जळून गेले. राइट त्या वेळी ओक पार्कातच राहत असे. त्याचे वडील प्रथम बाप्तिस्ट उपदेशक होते व नंतर युनिटेरियन झाले. आई तर युनिटेरियन घराण्यातच वाढलेली. पाळक रॉडनी जोहोनॉट व त्यांची बांधकाम समिती यांनी नव्या मंदिराचे काम अडतीस वर्षांच्या, परंतु मोठे धार्मिक बांधकाम एकही न केलेल्या या मनुष्याच्या हाती दिले. १९०६ साली काम सुरू झाले, १९०८ साली इमारत उभी राहिली आणि १९०९ च्या सप्टेंबरात तिचे समर्पण झाले. याच १९०६ साली मुंबईत शिंद्यांनी अस्पृश्यवर्गासाठी निराश्रित साहाय्यकारी मंडळी स्थापन केली, हा योगायोग आम्हास पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवावासा वाटतो. एकाच धर्मपंथाच्या आश्रयाने वाढलेली दोन माणसे, एकाच वर्षी, जगाच्या दोन टोकांस, दाराबाहेर कोण राहतो या एकाच प्रश्नाच्या दोन बाजूंना भिडत होती. राइटला मात्र आपण त्या प्रश्नास भिडत आहोत याची जाणीव पूर्णपणे होती असे म्हणवत नाही.

राइटने मनोरा बांधला नाही. आकाशाकडे बोट दाखवणारा मनोरा माणसाचे लक्ष माणसांमधून काढून वर नेतो; त्यापेक्षा माणसे एकत्र येऊन एकमेकांच्या सहवासात देवाचा विचार करतील अशी जागा का बांधू नये, असा त्याचा सवाल होता. आपल्या आत्मचरित्रात त्याने हा विचार विस्ताराने मांडला आहे. मंडळीजवळ पैसा बेताचा होता. म्हणून दगडाऐवजी त्याने काँक्रीट निवडले, तेही उघडे, गिलाव्याखाली न लपवलेले. सभागृहाच्या चारही बाजू सारख्या आखल्या की एकाच लाकडी साच्यात पुन्हापुन्हा काँक्रीट ओतता येते आणि खर्च वाचतो. चौरस आकार हा अशा रीतीने काही अंशी गरिबीतून निघाला. जोहोनॉट यांनी १९०६ सालीच एक पुस्तिका काढून हा चौरस, हे काँक्रीट व हा मनोऱ्याचा अभाव मंडळीस समजावून दिला. पाळकाने नकाशा वाचून मंडळीस शिकवावा, ही गोष्ट आपल्याकडे फार क्वचित घडते.

आता आतील रचना पाहू. सभागृहात सुमारे ४०० माणसे बसतात. तीन बाजूंस एकावर एक असे दोन सज्जे आहेत आणि चौथ्या बाजूस व्यासपीठ. लांबट मंदिरात पुढच्या बाकावरचा व मागच्या बाकावरचा असा जो भेद आपोआप पडतो, तो येथे पडत नाही. कोणीही कोठेही बसला तरी उपदेशकापासून तो सुमारे ४५ फुटांपेक्षा अधिक दूर नसतो. समोरासमोरच्या सज्जांमुळे लोकांना एकमेकांचे चेहरे दिसतात. छतात पिवळसर काचेचे २५ चौकोनी झरोके आहेत. ढगाळ दिवशीही वरून ऊन उतरल्यासारखे वाटावे, हा त्यांचा हेतू. रस्त्याच्या बाजूस खालच्या पातळीवर खिडकी नाही, कारण समोरच्या लेक स्ट्रीटवर वाहनांचा गोंगाट. उजेड येतो तो उंचावरील खिडक्यांतून आणि छतातून.

उपासना संपल्यावर लोकांनी जायचे कसे, याचाही राइटने विचार केला होता. साधारणतः मंडळी पाळकाकडे पाठ फिरवून बाहेर पडते. येथे व्यासपीठाच्या दोन्ही अंगांस दारे आहेत. ती एरवी भिंतीचाच भाग भासतात व आशीर्वाद झाला की उघडतात. त्यामुळे बाहेर पडणारा प्रत्येक जण पाळकाच्या दिशेने, त्याच्याजवळून जातो. आम्ही स्वतः अनेक वर्षे उपासना चालवली आहे, आणि उपासनेच्या अंती दाराशी धावत जाऊन हस्तांदोलनासाठी उभे राहण्याची घाई आम्हास चांगली ठाऊक आहे. त्या घाईवर एका वास्तुशिल्पीने दाराची जागा बदलून उपाय काढला, हे वाचून आम्हास हसू आले आणि थोडी असूयाही वाटली.

हे झाले बाहेर पडण्याचे. आत येण्याची कथा निराळी आहे. लेक स्ट्रीटवरून पाहणाऱ्यास दार दिसतच नाही. इमारतीच्या बाजूने चालत जावे, काही पायऱ्या चढून मंदिर व युनिटी हाउस यांच्या मधल्या उंच चौथऱ्यावर यावे, तेव्हा दारे लागतात. (युनिटी हाउस म्हणजे शब्बाथशाळा व स्नेहमेळावे यांसाठी बांधलेला दुसरा भाग.) दारांवर लेख कोरला आहे, त्याचा अर्थ असा : देवाच्या उपासनेसाठी व मनुष्याच्या सेवेसाठी. आत कमी उंचीची ओसरी. तेथून थेट सभागृहात जाता येत नाही. सभागृहाच्या दोन्ही अंगांस, त्याच्या तळापेक्षा खालच्या पातळीवर, अंधुक उजेडाच्या ठेंगण्या पडव्या आहेत. त्यांतून चालत कोपऱ्यापर्यंत जावे, तेथील जिना चढावा, आणि मग एकाएकी डोक्यावर तो पिवळा उजेड पसरतो. अंधारातून उजेडात, ठेंगण्या जागेतून उंच जागेत येण्याचा हा अनुभव राइटने हेतुपुरस्सर घडवला. ज्यांनी घेतला ते त्याचे वर्णन करताना थकत नाहीत.

या पडव्यांचा आणखी एक उपयोग राइटच्या मनात होता. उशिरा येणाऱ्यास त्यांतून सभागृह दिसते, परंतु सभागृहातील लोकांस तो दिसत नाही. उपासनेत खंड न पाडता व स्वतः ओशाळे न होता त्याने योग्य क्षण साधून जिना चढावा, ही सोय. आमच्या मते या इमारतीविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. उशिरा येणाऱ्याच्या संकोचाचा ज्याने एवढ्या बारकाईने विचार केला, त्याच्या मनात जिना चढू न शकणारा मनुष्य आलाच नाही. मूळ रचनेत पायऱ्या टाळून सभागृहात जाण्यास वाट नव्हती. व्यासपीठापासून प्रत्येकास ४५ फुटांच्या आत आणून बसवणारी ही वास्तू, चाकांच्या खुर्चीतील मनुष्यास त्या खालच्या पडवीपर्यंतही पायऱ्या चढवल्याशिवाय येऊ देत नव्हती. तेथवर उचलून आणलाच, तर त्याला डोळ्यांच्या पातळीवर सभागृह दिसावे, गायन ऐकू यावे, आणि तो सभेत नसावा.

राइटवर आजच्या मापाने ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. जळून गेलेल्या गॉथिक मंदिरासही पायऱ्या असणारच, आणि त्या काळी अपंगाची जागा घरी, त्याच्याकडे जायचे ते भेटीस, अशीच सर्वांची समजूत होती. इमारतीत अपंगांस वावरता यावे यासाठी अमेरिकेत पहिले राष्ट्रीय मानक निघाले ते १९६१ साली, म्हणजे युनिटी टेंपल उभे राहिल्यावर अर्धशतकाने. १९९० साली अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला. परंतु सार्वजनिक जागा खुल्या करण्याचे जे बंधन त्याने उपाहारगृहांवर, दुकानांवर व नाटकगृहांवर घातले, त्यातून धार्मिक संस्थांना स्पष्टपणे वगळले. चाकांच्या खुर्चीतील मनुष्यास नाटकगृहात जाण्याचा कायदेशीर हक्क मिळाला, मंदिरात मिळाला नाही. धर्मस्वातंत्र्याच्या रक्षणासाठी ही सवलत आहे, हे आम्ही जाणतो. तरीही ती घेताना मंडळ्यांना काही अवघडल्यासारखे वाटायला हवे होते. युनिटेरियनांच्या बाजूने एवढे म्हटले पाहिजे की, १९६१ साली युनिव्हर्सलिस्टांशी एक होऊन त्यांची जी संयुक्त संघटना झाली, तिच्यात अपंग सभासदांनीच पुढाकार घेऊन मंडळ्यांची या बाबतीत पाहणी करण्याचा व सुधारणा पुऱ्या करणाऱ्यांना प्रमाणपत्र देण्याचा उपक्रम चालवला. त्या पाहणीत केवळ पायऱ्या मोजत नाहीत. ऐकू कमी येणाऱ्यासाठी काय आहे, छापील गीते किती मोठ्या अक्षरांत आहेत, व्यासपीठावर जाता येते की नाही, हेही विचारतात.

खुद्द युनिटी टेंपलची अडचण दुहेरी झाली. इमारत जगप्रसिद्ध झाली आणि तिच्या प्रत्येक कोपऱ्यास वारशाचे मोल आले. काँक्रीटला तडे गेले, पाणी झिरपू लागले. २००८ साली सभागृहाच्या छताचा काही भाग कोसळला. २०१५ ते २०१७ या काळात सुमारे अडीच कोटी डॉलर खर्चून जीर्णोद्धार झाला व २०१९ साली राइटच्या आणखी सात इमारतींसह तिची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत झाली. अशा वास्तूत उतार बांधायचा तर कोठे? सर्वमान्य प्रमाण असे की, एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो. चार फूट चढायचे तर ४८ फूट, शिवाय मध्ये विसाव्याची सपाट जागा. त्या अरुंद पडव्यांत ४८ फुटांचा उतार घातला तर राइटची पडवी उरत नाही. जी वाट राइटने उपासनेची तयारी म्हणून आखली तीच अडथळा ठरते. आणि अडथळा काढावा तर तयारी नाहीशी होते. जुन्या वास्तूची काळजी वाहणारे व तीत उपासना करणारे यांच्यात असा तंटा जगभर आहे. तो केवळ अरसिकांनी उभा केलेला आहे, असे मानणे आम्हास पटत नाही.

प्रवेशाचा विचार प्रारंभापासून केला तर काय होते, याचे एक उदाहरण युनिटेरियनांच्याच दुसऱ्या मंदिरात सापडते. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथील मंडळीने १९५९ साली लुई कान यांस नवे मंदिर बांधण्यास सांगितले. आमच्या वडोदऱ्याकडील वाचकांस कान यांचे नाव निराळ्या कारणाने ठाऊक असेल : अहमदाबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटच्या विटांच्या इमारती त्यांच्याच, आणि १९७४ साली अहमदाबादहून परतताना न्यूयॉर्कच्या रेल्वे स्थानकावर त्यांचा अंत झाला. कान जन्माने यहुदी. रॉचेस्टरच्या मंडळीची श्रद्धा काय, हे त्यांनी प्रथम विचारून घेतले आणि मग एक आकृती काढली. मध्ये प्रश्नचिन्ह, तेच उपासनेचे स्थान. त्याभोवती एक मार्ग. त्या मार्गाच्या बाहेर ओसरी व शाळेचे वर्ग. हा मधला मार्ग कोणासाठी, तर ज्याला आत जावे की न जावे याचा निश्चय झालेला नाही त्याच्यासाठी. तो आत न जाताही जवळ असू शकतो.

आपल्या देशात वाढलेल्या कोणासही येथे प्रदक्षिणामार्गाची आठवण होईल. पहिला आराखडा मंडळीस पसंत पडला नाही व कान यांना तो बदलावा लागला. परंतु मध्ये सभागृह, भोवती मार्ग, त्याभोवती वर्ग हा क्रम १९६२ साली पुऱ्या झालेल्या इमारतीत टिकून राहिला. मध्यभागी प्रश्नचिन्ह ठेवणे आमच्याच्याने होणार नाही. आमच्या उपासनेच्या मध्यभागी कोण आहे हे आम्हास सांगितले गेले आहे. पण उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या मनुष्यास कान यांनी नकाशात जागा दिली, ही गोष्ट त्यामुळे लहान होत नाही. राइटने उशिरा येणाऱ्याची सोय केली, कान यांनी संशय असणाऱ्याची. दोघांनीही मनुष्याच्या मनाची अडचण ओळखली. शरीराची अडचण ही नकाशात शेवटी येते, आणि बहुधा इमारत पुरी झाल्यावर.

पवित्र शास्त्रात हा प्रश्न जुना आहे. लेवीयच्या एकविसाव्या अध्यायात व्यंग असलेल्या याजकाने वेदीजवळ येऊ नये असे सांगितले आहे. त्याने अर्पणातील अन्न मात्र खावे, अशी मुभाही तेथेच आहे, आणि ती सहसा विसरली जाते. आंधळ्या-पांगळ्यांनी मंदिरात येऊ नये, या म्हणीचा उगम दुसऱ्या शमुवेलाच्या पाचव्या अध्यायात दाविदाच्या यरुशलेमवरील स्वारीशी जोडला आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या तिसऱ्या अध्यायातील जन्मतः पांगळा मनुष्य सुंदर नावाच्या दाराशी दररोज उचलून आणून ठेवला जाई. ठेवणारे लोक निर्दय नव्हते. ते त्याला रोज आणीत होते. दारापर्यंत. पेत्राने हात धरून उठवल्यावर त्याने केलेली पहिली गोष्ट म्हणजे तो त्यांच्याबरोबर मंदिरात गेला. आम्ही या उताऱ्यावर अनेकदा उपदेश केला आहे, आणि प्रत्येक वेळी बरे होण्यावर बोललो; आत जाण्यावर बोलल्याचे स्मरत नाही. कफर्णहूमच्या पक्षाघाती मनुष्यासाठी तर चौघांना छप्पर उस्तरावे लागले, कारण दारातून वाट नव्हती. तेथे वाट अडवली होती ती पायऱ्यांनी नव्हे, तर ऐकावयास आलेल्या भाविकांच्या गर्दीने.

आपल्या भागातील जुनी मंदिरे उंच जोत्यावर बांधली गेली त्यास कारणे होती : पावसाळ्याचे पाणी, वाळवी, आणि थोडा मानही. पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चसमोरील वळणावळणाचा प्रचंड जिना परदेशी पाहुणा छायाचित्रात घेऊन जातो. मिस्सेसाठी चढणाऱ्या वृद्धेचे गुडघे त्या चित्रात येत नाहीत. आपल्याकडील कायद्याची स्थिती अमेरिकेच्या उलट आहे. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या दिली आहे, तीत धार्मिक कार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीही येतात. ही गोष्ट आमच्या किती पंचकमिट्यांस ठाऊक आहे, याविषयी आम्हास शंका आहे. आम्हासही ती हा लेख लिहावयास घेतल्यावरच कळली.

आमच्या परिचयाच्या एका मंडळीत एक भगिनी चाळीस वर्षे शब्बाथशाळेत शिकवीत होत्या. आज मंडळीत वडील म्हणून बसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी दहा आज्ञा त्यांच्याकडून पाठ केल्या. पक्षाघातानंतर त्या चाकांच्या खुर्चीत आहेत. मंदिरास सात पायऱ्या. प्रारंभी तरुण मुले त्यांना खुर्चीसकट उचलून नेत. एकदा खुर्ची कलली आणि त्यांनी ते थांबवले. मग पायऱ्यांच्या तळाशी कडुनिंबाखाली त्यांची खुर्ची ठेवून, भिंतीवर त्यांच्यासाठी एक ध्वनिवर्धक बसवण्यात आला. प्रभुभोजनाच्या दिवशी पाळक भाकर व प्याला घेऊन खाली येतात. सर्वांना ही व्यवस्था प्रेमाची वाटते, आणि ती तशी आहेही. युनिटी टेंपलच्या त्या खालच्या पडवीचे वर्णन वाचताना आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले ते हे कडुनिंबाचे झाड.

राइटच्या रचनेत एक गोष्ट अशी आहे की, जी तिच्या पायऱ्यांसह दोषी ठरत नाही. त्याने दार बाजूला नेले, पण ते सर्वांसाठी नेले. न्यायाधीश, दुकानदार, मोलकरीण, सर्वांनी त्याच आडवाटेने जायचे. काही लोकांसाठी समोरचे दार व काहींसाठी बाजूचे, असे त्याने केले नाही. आपल्याकडे उतार बांधायचा ठरला की तो बहुधा मागच्या बाजूस, न्हाणीघराजवळ किंवा सामानाच्या खोलीशी निघतो, कारण समोरची शोभा बिघडू नये आणि तेथे जागाही मिळते.

वर सांगितलेल्या मंडळीच्या पंचकमिटीने अखेर उताराचा खर्च मंजूर केला. जोते साडेतीन फूट, म्हणजे उतार ४२ फुटांचा, दोन्ही बाजूंस कठडा. समोरच्या अंगणात तो मावत नाही असे ठरून जागा नेमली ती मागच्या भिंतीलगत, वेदीमागील खोलीच्या दाराशी. पाळक व दोन वडील ही आनंदाची बातमी घेऊन त्या भगिनींकडे गेले. त्यांनी देवाचे आभार मानले, चहा ठेवावयास सांगितले, आणि नकाशाचा कागद हातात घेऊन विचारले की, बाकीची मंडळी कोणत्या दाराने येणार आहे.